तू कुणाचं ऐकून घडलीस? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या गाण्याची बैठक संपली की चहाच्या कपाबरोबर हे प्रश्न येतात. मी दर वेळी वेगळं उत्तर देते, हे एका श्रोत्याने तारखांसकट दाखवून दिलं. म्हणून एकदाचं लिहून ठेवते आहे. यापुढे वेगळं काही बोलले तर हे पान दाखवा.

तुमच्यावर सगळ्यात जास्त प्रभाव कुणाचा?

जवारीचा. माणसांची नावं हवी असतील तर खाली भरपूर आहेत, पण खरं उत्तर हे.

माझं लहानपण मिरजेत गेलं. शाळेची वाट सतारमेकर गल्लीतून जायची. दुकानांत भोपळे टांगलेले, पायरीवर लाकडाचा भुसा, आत पॉलिशचा उग्र वास. एक वयस्क कारागीर तानपुरा मांडीवर आडवा घेऊन घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवत बसायचे. दोनदा घासायचं, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, परत दोनदा घासायचं. सकाळी जाताना जो तानपुरा मांडीवर असायचा, तोच संध्याकाळी येतानाही. मी दप्तर पाठीला लावून उभी राहायचे, कारण मला तो क्षण पकडायचा असायचा. दहा वेळा तार नुसती ‘टण्ण’ वाजायची आणि अकराव्या वेळी तिच्यातून मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा झंकार यायचा. ते माझ्याकडे बघून म्हणायचे, “बोलली बघ.” त्या ‘बोलली’पायी मी तिसरीत कितीदा अंगठे धरून उभी राहिले आहे, ते आईला अजून माहीत नाही.

गाणं मी नंतर ऐकलं. आधी ही बोललेली तार ऐकली.

जवारी म्हणजे नेमकं काय?

सतारीची किंवा तानपुऱ्याची घोडी गिटारच्या ब्रिजसारखी धारदार नसते. ती चांगली बोटभर रुंद, वरून किंचित उतरती असते. छेडलेली तार त्या उतरणीला खालीवर होताना हलकी घासत राहते. त्यामुळे मूळ सुराच्या पोटात दडलेले वरचे स्वर बाहेर येतात आणि बराच वेळ एकामागून एक चमकत राहतात. ही उतरण किती असावी याचं माप कुठल्या पट्टीवर मिळत नाही. ते कारागिराच्या कानात असतं. तानपुऱ्याला वर आणखी एक गंमत : तार आणि घोडीच्या मधे सुताचा एक दोरा सरकवतात. केसभर पुढे-मागे केला की आवाज खुलतो किंवा मिटतो.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहून ठेवलं आहे. तार जिथे छेडावी तिथे अमुक स्वर उमटू नये, असं पुस्तकी नियम सांगतो, आणि तानपुऱ्यात तो स्वर खुशाल ऐकू येतो, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मला भौतिकशास्त्रात पास होण्यापुरतेच मार्क होते, पण हा एक धडा मी कुणालाही समजावून देऊ शकते.

नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या तारेतून, गांधार (सा रे ग मधला ‘ग’) ऐकू येतो. चार तारांपैकी एकही गांधाराला लावलेली नसते, तरी तो येतो. त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. हा गांधार पेटीवरच्या गांधारापेक्षा जरासा उतरलेला असतो. माझ्या बहुतेक चालींत गांधार जरा रेंगाळतो, असं एका मित्राने सांगितलं. त्याचं मूळ हे आहे.

मिरजेतच एवढी वाद्यं का बनतात?

तिथली जुनी मंडळी सांगतात ती हकिकत अशी : हे कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे. तलवारींचे दिवस संपले तसे एकोणिसाव्या शतकात त्यांच्यातले काही जण आधी वाद्यांच्या दुरुस्तीकडे आणि मग सतारी बनवण्याकडे वळले. हात तोच, कानस तीच. संस्थानिक पटवर्धनांचा गाण्याला आश्रय होता, त्यामुळे गवई येत राहिले आणि गवयांबरोबर मोडकी वाद्यंही. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात. हा भोपळा भाजीचा नव्हे, कडू. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेत वाढलेल्या माणसाला त्यात नवल काहीच वाटलं नाही, पण पेढे वाटायला कारण झालं.

घरात गाणं होतं का?

आई भजनी मंडळात टाळ वाजवायची आणि बाबा रेल्वेत होते. ते घरी आले की रेडिओ लागायचा आणि जेवताना बंद व्हायचा, एवढीच संगीताची शिस्त. आमच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता. त्याची मोटर दमलेली होती, त्यामुळे प्रत्येक कॅसेट जराशी सावकाश आणि जराशी खालच्या सुरात वाजायची. घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं, कारण दुसरा टेपरेकॉर्डर ऐकलेलाच नव्हता. हा टेपरेकॉर्डर लक्षात ठेवा.

शास्त्रीय शिकलात का? घराणं कुठलं?

सहा वर्षं एका बाईंकडे शिकले. घराणं सांगण्याइतकं शिकले नाही. जे सांगतात त्यांनी विचारलं तर मी विषय बदलते.

बाईंनी पहिले तीन आठवडे गाऊच दिलं नाही. तानपुरा उतरवायचा आणि पुन्हा लावायचा. खुंटीने सूर जवळ आणायचा, मग घोडीखालचा मणी सरकवून बारीक जुळवायचा. जोडाच्या, म्हणजे एकाच सुराला लावायच्या, दोन तारा एक झाल्या की त्यांच्यातली लाट थांबते. ती थांबली की त्या नुसतं “हं” म्हणायच्या. चौथ्या आठवड्यात पहिला सा लावला तेव्हा मला वाटलं, मी काहीच केलं नाही, आत जाऊन बसले फक्त.

घरी रियाजाला तानपुरा नव्हता. म्हणून बाईंनी साठ मिनिटांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजूंना काळी चारला, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला तानपुरा वाजवून दिला. मी पाच वर्षं रोज पहाटे त्या कॅसेटबरोबर गायले. क्लासात गेलं की आवाज ताणल्यासारखा वाटायचा आणि घरी सैल वाटायचा. त्यावर बाईंचं निदान होतं की मी घरी आळशीपणे गाते. खरं कारण टेपरेकॉर्डरची मोटर. मला ते विसाव्या वर्षी कळलं, तोवर आवाज तिथे राहायला गेलेला होता.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव तुम्ही प्रत्येक बैठकीत घेता. का?

मिरजेत वाढलात तर ते शेजारीच असतात. किराना घराण्याचे गवई, जन्म १८७२ चा, कैरान्याचा. आयुष्याची शेवटची वर्षं मिरजेची. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात तब्येत बिघडली म्हणून ते वाटेतल्या सिंगपेरुमाळकोईल स्टेशनावर उतरले आणि तिथेच गेले. शेवटी तानपुरा जुळवायला सांगून ईश्वराचं नाव गात होते, असं सांगतात. देह मिरजेला आणला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि दर वर्षी उरसाला तिथे गाणं होतं. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत, सतरंजीवर बसायचं. माझ्या आयुष्यातली पहिली रात्रभराची मैफल तीच. पहाटे झोप लागली आणि कुणीतरी माझ्या अंगावर स्वतःची शाल टाकली. कोण ते आजतागायत माहीत नाही.

त्यांच्या ध्वनिमुद्रिका तीन-तीन मिनिटांच्या. झिंझोटीतली ‘पिया बिन’ ऐका. आवाज टोकदार, वर वर राहणारा, जवळजवळ नाकातून येणारा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो विचित्रच वाटतो. पण तो आवाज मला ओळखीचा वाटला, कारण तो तानपुऱ्यातून निघाल्यासारखा होता. गळ्याला जवारी असते, हे मला तेव्हा कळलं. भीमसेन जोशींनी हीच ठुमरी लहानपणी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं. मी घर सोडलं नाही, परीक्षा बुडवली.

आणखी एक. गाण्याला पसारा लागतो हे माझं मत त्या तीन मिनिटांनी मोडून काढलं. माझं एकही गाणं साडेचार मिनिटांच्या पुढे जात नाही, आणि साडेचार झालं तर मला अपराधी वाटतं.

मग गिटार कुठून आली?

पुण्यात कॉलेजला असताना होस्टेलमधल्या मैत्रिणीकडून. तिच्याकडे निक ड्रेक या इंग्रज गायकाचा ‘पिंक मून’ होता. १९७२ चा, जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा. एक आवाज, एक गिटार, एका गाण्यात थोडा पियानो. दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केलेला. विकला गेला नाही, दोन वर्षांत तो माणूस गेला, आणि त्याच्या पश्चात लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं.

त्याची गिटार नेहमीच्या पद्धतीने लावलेली नसायची. तो तारा उतरवून हव्या त्या स्वरांना लावायचा, त्यामुळे खालच्या तारा मोकळ्या वाजत राहायच्या. मी ऐकलं आणि म्हटलं, हा तर तानपुरा घेऊन बसलाय! त्याच आठवड्यात उसन्या गिटारच्या खालच्या दोन तारा सा आणि प ला लावल्या. आजही तशाच असतात. माझी गिटार हातात घेऊन कुणी सवयीने कॉर्ड वाजवायला गेलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

उत्साहात एकदा गिटारच्या तारांखाली रिळाचा दोराही सरकवून पाहिला. जवारी आली नाही, नुसता डबा वाजला. गिटारची ती हाडाची पट्टी अरुंद, तारेला घासायला जागाच नाही. मिरजेला जाऊन कारागिरांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

तुमच्या गाण्यात मागे दोन-तीन आवाज एकत्र येतात, ते कुठून शिकलात?

मिरजेच्या चर्चमधून. मिरजेचं मिशन हॉस्पिटल मोठं आणि जुनं, त्याच्याभोवती ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती. शेजारच्या मावशी तिथे परिचारिका होत्या. नाताळच्या आधी त्यांच्याबरोबर मीही गाण्याच्या तालमीला जायचे. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं व्हायची, थेट अभंगाच्या वळणाची. त्यानंतर इंग्रजी चालीवरचं मराठी गीत यायचं आणि त्यात बायका एक ओळ गायच्या, पुरुष खालून दुसरीच. मी आईच्या भजनी मंडळात वाढलेली. तिथे सगळे एका सुरात गातात आणि जो वेगळा गातो त्याच्याकडे वळून बघतात. इथे वेगळं गाणाऱ्याकडे कुणी वळून बघत नव्हतं.

हा प्रश्न विचारणाऱ्यांना परदेशी उत्तराची अपेक्षा असते, म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिलं.

पेटी का नाही घेत साथीला?

पेटी मला आवडते. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती पुढे तीस वर्षं टिकली, हे मला अन्यायाचंच वाटतं. पण माझी अडचण घरगुती आहे, ती शेवटच्या प्रश्नात येईल.

बाकी पेटीचे सूर आणि गळ्याचे सूर जुळत नाहीत, हे भांडणही आमच्याच भागातलं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे इंग्रज अधिकारी यांनी शंभर वर्षांपूर्वी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक बारीक सुरांचा, ध्यास घेतला होता. त्या कामात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचा आधार घेतला गेला आणि श्रुती वाजवणारी खास पेटीही करवून घेतली. ती चालली नाही. इतक्या पट्ट्या वाजवायला बोटं कुठून आणायची!

भीमसेन की कुमार?

हा प्रश्न पुण्यात विचारू नये.

बरं, कुमार गंधर्वांबद्दल तरी सांगा.

ते १९४७ च्या सुमारास क्षयाने अंथरुणाला खिळले. हवापालटासाठी देवासला गेले आणि पाचेक वर्षं गाणं बंद. त्या काळात खिडकीतून येणारी माळव्याची लोकगीतं ऐकत पडून राहिले. उठले तेव्हा एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं, आणि गाणं बदललेलं. लांब श्वास उरला नाही तर तोडून गायचं, आणि तोडलेल्या जागा रिकाम्या न वाटता भरलेल्या वाटायला हव्यात. त्यांची निर्गुणी भजनं ऐकताना मी त्या मोकळ्या जागा मोजत बसते. तानपुरा इतका पुढे ऐकू येतो की तोच गातोय आणि कुमारजी त्याला अधूनमधून उत्तर देताहेत असं वाटतं.

मला स्वतःला दमा आहे. श्वास पुरत नाही तिथे ओळ तोडायची लाज त्यांच्यामुळे गेली. हे कुठल्याही मुलाखतीत सांगितलं की छापताना ‘कुमारजींच्या सांगीतिक तत्त्वज्ञानाचा प्रभाव’ असं होतं. तत्त्वज्ञान नाही हो, दमा.

भावगीतं ऐकत होता का?

ऐकत होते म्हणजे काय, दुसरं काही नव्हतंच. त्यातही हृदयनाथ मंगेशकर. त्यांच्या चाली सोप्या वाटतात आणि गायला घेतल्या की पाय घसरतो. किशोरी आमोणकरांनी गायलेलं ‘जाईन विचारित रानफुला’ घ्या. शान्ता शेळके यांचे शब्द, चाल हृदयनाथांची. मी ते बारा वर्षांची असल्यापासून गातेय आणि अजून एकदाही धड गायलेलं नाही. १९७७ च्या ‘जैत रे जैत’ मधली महानोरांची गाणी तर मला पूर्ण सिनेमा बघण्याआधी दहा वर्षं पाठ होती. ठाकर समाजाची ती गोष्ट. मी मनात त्या डोंगराचं जे चित्र काढलं होतं ते पडद्यापेक्षा मोठं निघालं.

कबुली द्यायची तर माझी पहिली सात गाणी इंग्रजीत होती. मराठीत गिटारवर गायलं तर लोक हसतील असं वाटायचं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या कार्यक्रमाला भरलेलं सभागृह पाहिलं तेव्हा ती भीती गेली. ती इंग्रजी गाणी कृपया मागू नका.

लोकसंगीत वापरता का?

‘वापरता’ या शब्दावरच अडते. कवठेमहांकाळ तालुक्यात आरेवाडीला बिरोबाचं देवस्थान आहे. बाबांबरोबर तिथल्या यात्रेला गेले होते. धनगरी ढोल ऐकू येण्याआधी छातीत लागतो. ओवी गाणारे आजोबा एक ओळ टाकायचे आणि शेवटचा स्वर दुसऱ्याने उचलायचा. ओवी कुठे संपली आणि कुठे सुरू झाली ते कळूच नये असा सांधा. माझ्या एका गाण्यात तो सांधा आहे. ढोल नाही, ओवी नाही, बिरोबाचं नाव नाही, कारण ते माझं नाही.

फ्युजन करायला बोलावतात तेव्हा मी आधी विचारते, ढोलवाल्यांना मानधन किती? बऱ्याचदा संभाषण तिथेच संपतं.

पाश्चात्त्य ‘ड्रोन’ संगीत ऐकता का? तुमचं काम त्याच्यासारखं वाटतं.

एकच सूर सतत मागे ठेवणारं ते संगीत ना? ऐकते, आणि मला हसू येतं. अमेरिकेतल्या ला मॉन्टे यंग आणि टेरी रायली यांनी १९७० च्या सुमारास पंडित प्राणनाथांचं शिष्यत्व पत्करलं. प्राणनाथ अब्दुल करीम खाँसाहेबांच्याच किराना घराण्याचे. म्हणजे जी गल्ली मला शाळेच्या वाटेवर लागायची, तिचाच एक फाटा न्यूयॉर्कला गेला. मला तो तिकडून परत आल्यावर ‘नवीन’ म्हणून भेटला.

सध्या काय ऐकताय?

वसंतराव देशपांडे, पुन्हा. इंडियन ओशन या बँडचा ‘कंदीसा’, प्रवासात. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या, स्वयंपाक करताना. फोडणी बरोबर पडते. आणि शेजारच्या मुलाचा तबल्याचा रियाज, इलाज नाही म्हणून. सहा महिन्यांत त्याचा ‘धा’ फार सुधारलाय.

स्वतंत्र कलाकार म्हणून घर कसं चालतं?

जीएसटीची विवरणपत्रं भरून. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आधी मला बैठकीला बोलावू नका. वसंतराव देशपांडे लष्कराच्या हिशेब खात्यात वीसहून अधिक वर्षं नोकरी करत होते. हे कळलं तेव्हा मला माझ्या टेबलाचा आदर वाटायला लागला. गाणी मी स्वतःच नेटवर टाकते. इंडियन ओशनने २०१० मध्ये अख्खा अल्बम एकेक गाणं करत फुकट देऊन टाकला होता. माझं मन एवढं मोठं नाही. मी पन्नास रुपये मागते.

पहिल्या अल्बममधला तानपुरा इतका सपाट का वाटतो?

शेवटी कुणीतरी विचारलंच. एका स्टुडिओत तीन दिवस खपून ध्वनिमुद्रण केलं. चौथ्या दिवशी फाइल आली, त्यात तानपुरा होता पण बोलत नव्हता. फोन केला, तर तिथला मुलगा खुशीत म्हणाला, “ताई, मागे खूप खरखर होती, सगळी साफ केली.” कारागिरांनी दोन दिवस कानस फिरवून जी आणली होती, ती खरखर. मूळ फाइल त्याने पुसली होती आणि दुसऱ्यांदा करायला पैसे नव्हते. तो अल्बम तसाच आहे. आता मी जाते तिथे पहिलं वाक्य हेच असतं : खरखर ठेवायची.

ॲपवरच्या तानपुऱ्यावर गायलं तर चालतं का?

चालतं की. मीही गाते, एसटीत बसून, कानात बोंडं घालून. फक्त आठवड्यातून एकदा तरी खरा तानपुरा स्वतः लावा. चुकीचा लागला तरी चालेल.

तुमची पट्टी कोणती? साथीला यायचं आहे.

पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधे. हो, मधे. त्या टेपरेकॉर्डरमधून काळी चार जिथे उतरायची तिथे. काळी चारला गाऊन पाहिलं, गळा सहा महिने रुसला. तबला आणा, व्हायोलिन आणा, सारंगी तर आणाच. पेटीवर तो सूर नाही, त्यामुळे पेटी आणू नका.